क्रांती : मैदानातली आणि दप्तरातली

कोलंबोत जुलै २०२२ मध्ये जमाव राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरला. ढाक्यात ५ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांना देश सोडावा लागला. काठमांडूत सप्टेंबर २०२५ मध्ये दोन दिवसांत सरकार कोसळले आणि सिंहदरबाराला आग लागली. सव्वातीन वर्षांच्या आत तीन शेजारी देशांत तरुणांच्या संतापाने सत्ता उलथवली. तेव्हापासून राजधानीच्या राजकीय वर्तुळात एक प्रश्न कधी दबक्या आवाजात, तर कधी उघड विचारला जातो : पुढची पाळी आपली का? त्याच्या पोटात आणखी एक जुना प्रश्न आहे. क्रांतीने समाज सुधारतो का, की केवळ राज्यकर्ते बदलतात?

या दोन्ही प्रश्नांसाठी बंगळुरूचा अनुभव पाहण्यासारखा आहे. हे शहर सध्या तरुणांचे, संगणकाचे आणि वाहतूक कोंडीचे म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रातून पोटापाण्यासाठी गेलेल्या हजारो कुटुंबांनी ते आपले मानले आहे. परंतु १९७५ ते १९८० या पाच वर्षांत याच शहराने दोन क्रांत्या जवळून पाहिल्या. एक क्रांती जाहीर झालेली होती आणि तिचे नेते तुरुंगात होते. दुसरीची घोषणा कोणी केली नव्हती आणि ती सरकारी कचेऱ्यांत चालली होती. दोहोंच्या यशापयशाचा ताळेबंद मांडल्याखेरीज आजच्या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही.

एक शहर, दोन क्रांत्या

जयप्रकाश नारायण यांनी ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर संपूर्ण क्रांतीची हाक दिली. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. त्या वेळी पक्षांतरबंदी विधेयकावरील संसदेच्या संयुक्त समितीच्या बैठकीसाठी काही खासदार बंगळुरूत आले होते. त्यांत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि कोकणातील राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते होते. २६ जूनच्या सकाळी या चौघांना अटक होऊन त्यांची रवानगी बंगळुरूच्या मध्यवर्ती तुरुंगात झाली. पुढे त्याच तुरुंगात एच. डी. देवेगौडा यांनाही ठेवण्यात आले. देशाचे दोन भावी पंतप्रधान त्या भिंतींआड राहून गेले. प्रमिलाताई दंडवते त्याच काळात येरवड्यात स्थानबद्ध होत्या आणि पती-पत्नींचा संसार दोन तुरुंगांमधील पत्रव्यवहारापुरता उरला होता.

किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. लोहियावादी विचारांच्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना १९७६ मध्ये याच तुरुंगात डांबण्यात आले. दम्याचा तीव्र विकार असतानाही त्यांची सुटका लांबली. जानेवारी १९७७ मध्ये त्या पॅरोलवर बाहेर आल्या आणि २० जानेवारीला त्यांचे निधन झाले.

या तुरुंगापासून दोनेक किलोमीटरवर विधानसौध आहे. तेथे मुख्यमंत्री होते देवराज अर्स. १९७२ मध्ये सत्तेवर आलेले अर्स इंदिरा गांधींच्या पक्षाचे होते आणि आणीबाणीची अंमलबजावणी त्यांच्याच प्रशासनाकडे होती. त्याच प्रशासनाने त्याच वेळी कर्नाटकाच्या ग्रामीण रचनेला मुळापासून हात घातला. सुधारित जमीन सुधारणा कायद्यानुसार १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातील जमिनी सरकारात निहित झाल्या. कुळाने ‘फॉर्म नंबर सात’ भरून तालुक्याच्या जमीन न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा होता. न्यायाधिकरणावर महसूल अधिकाऱ्यासोबत अशासकीय सदस्य होते आणि त्यांत अनुसूचित जाती वा जमातीच्या एका सदस्याची तरतूद होती. मूळ तरतुदीनुसार तेथे वकिलांना उभे राहण्यास मनाई होती. जमीनदाराकडे वकील आणि कुळाकडे कोणीही नाही, या नेहमीच्या विषमतेवर तो साधा उपाय होता. आठ लाखांच्या आसपास अर्ज आले आणि चार लाखांहून अधिक कुळांना मालकी मिळाली.

जोडीला एल. जी. हावनूर यांच्या अध्यक्षतेखालील मागासवर्ग आयोग होता. १९७२ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९७५ मध्ये अहवाल दिला आणि त्यावर आधारित आरक्षणाचे आदेश १९७७ मध्ये निघाले. लिंगायत आणि वक्कलिग या दोन प्रबळ समाजांभोवती फिरणारे राज्याचे राजकारण त्यानंतर पूर्वीसारखे राहिले नाही.

येथेच क्रांतीच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी वस्तुस्थिती समोर येते. ज्या सरकारने कुळाला जमीन दिली, त्याच सरकारच्या तुरुंगात स्वातंत्र्य मागणारे खितपत पडले होते. जमीन देणाऱ्यांनी स्वातंत्र्य हिरावले होते, आणि स्वातंत्र्य मागणाऱ्यांपाशी जमिनीचा असा कार्यक्रम नव्हता.

मतदाराचा निवाडा

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. महाराष्ट्रात ४८ पैकी २० वर समाधान मानावे लागले. कर्नाटकात मात्र २८ पैकी २६ जागा काँग्रेसने जिंकल्या. सक्तीच्या नसबंदीची झळ दक्षिणेला उत्तरेइतकी बसली नव्हती, हे एक कारण होतेच. परंतु ज्याच्या हाती नुकतीच जमिनीची कागदपत्रे पडली होती, त्याला संपूर्ण क्रांतीची हाक दूरची वाटली, हेही खरे. १९७८ च्या विधानसभेत अर्स यांनी २२४ पैकी १४९ जागा मिळवल्या आणि त्याच वर्षी चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीतून इंदिरा गांधी लोकसभेत परतल्या.

दिल्लीत जनता सरकारचे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. जुलै १९७९ मध्ये ते कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये ३५३ जागा घेऊन काँग्रेस परतली. म्हणून संपूर्ण क्रांती व्यर्थ गेली, असा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. तो निष्कर्ष घाईचा आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण काढून टाकले आणि त्या जागी ‘सशस्त्र बंड’ आणले. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक झाला. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी तजवीज झाली. विशेष म्हणजे राज्यसभेत जनता पक्षाकडे पुरेसे बळ नव्हते. काही कलमे गाळून, काँग्रेसच्या मतांसह ही दुरुस्ती संमत करावी लागली. मैदानावरील लाटेला जे एकटीने जमले नसते, ते सभागृहातील देवघेवीने साधले. आणि नंतर आलेल्या कोणत्याही सरकारने ते पुसले नाही.

रेल्वेमंत्री झालेल्या दंडवत्यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना कामावर परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवण्याचा निर्णयही त्यांचाच. बंगळुरू-मुंबई प्रवास रात्रभर पाठ टेकून करणाऱ्या चाकरमान्याला संपूर्ण क्रांतीची व्याख्या सांगता येणार नाही. पण तिचा एक अंश त्याच्या पाठीखाली आहे.

अर्स यांचा शेवट याहून बोलका आहे. १९७९ मध्ये इंदिरा गांधींशी त्यांचे बिनसले, जानेवारी १९८० मध्ये मुख्यमंत्रिपद गेले आणि लोकसभेच्या २८ पैकी २७ जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या. ज्यांना जमीन मिळाली, त्यांनीही अर्स यांना मते दिली नाहीत. पण जमीन कुळाकडेच राहिली. सुधारकाचा पराभव झाला तरी सुधारणा टिकली, याहून मोठे प्रमाणपत्र कायद्याला दुसरे नाही.

पहाणीतील नोंद

सातबाऱ्याला कर्नाटकात ‘पहाणी’ म्हणतात. एखादा बदल टिकला की नाही, हे ओळखण्याची सर्वांत खात्रीची जागा ती आहे. मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. रायगड जिल्ह्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे संप केला. जमीन पडीक ठेवून हाल सोसले. त्या संघर्षाचे फळ कुळकायद्यांतून दिसू लागले आणि १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ला कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. कर्नाटकातही अर्स यांचा कायदा आकाशातून पडला नाही. शिमोगा जिल्ह्यातील कागोडू येथे १९५१ मध्ये कुळांनी सत्याग्रह केला, तो खंड मोजण्याच्या मापावरून. राममनोहर लोहियांना तेथे अटक झाली. मापाच्या तक्रारीपासून मालकीच्या हक्कापर्यंतचे अंतर कापायला तेवीस वर्षे लागली.

म्हणजे आंदोलन निरर्थक असते, असे नव्हे. आंदोलनाशिवाय कायद्याला जाग येत नाही. पण आंदोलन ज्या दिवशी विजयी म्हणून जाहीर होते, त्या दिवशी त्याचे निम्मे काम बाकी असते. फ्रान्समध्ये १७८९ नंतर पंधरा वर्षांत नेपोलियन सम्राट झाला आणि १८१५ मध्ये बुर्बाँ घराणे परतले; तरीही सरंजामी देणी पुन्हा लागू झाली नाहीत आणि दिवाणी संहिता टिकली. उलट कैरोच्या तहरीर चौकाने फेब्रुवारी २०११ मध्ये मुबारक यांना घालवले, २०१२ मध्ये निवडून आलेला अध्यक्ष पाहिला आणि जुलै २०१३ मध्ये लष्कराला परत येताना पाहिले. फ्रान्समध्ये राजा परतला, पण हक्क उरले. इजिप्तमध्ये राज्यकर्ता गेला, पण त्याच्यामागची यंत्रणा जागची हलली नाही.

श्रीलंकेचे उदाहरण याहून शिकवणारे आहे. जनता विमुक्ती पेरमुना या पक्षाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८७ ते ८९ या काळात सशस्त्र उठाव केले. दोन्ही चिरडले गेले आणि हजारो तरुण प्राणास मुकले. त्याच पक्षाचे नेते अनुरा कुमार दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये मतपेटीतून राष्ट्राध्यक्ष झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या. बंदुकीने दोनदा जे मिळाले नाही ते मतपत्रिकेने दिले. अर्थात, २०२२ च्या जनउठावाने वाट मोकळी केली नसती तर ते घडले असते का, हा प्रश्न उरतोच.

दुसरी हाक

बंगळुरूचा जुना तुरुंग परप्पन अग्रहार येथे हलवल्यानंतर त्या जागेवर २००८ मध्ये ‘फ्रीडम पार्क’ उभे राहिले. ऑगस्ट २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा बंगळुरूतील तरुणांचे लोंढे या पार्ककडे वळले. दुसऱ्या स्वातंत्र्यलढ्याची भाषा झाली. लोकपाल कायद्यावर १ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पहिल्या लोकपालाच्या नेमणुकीसाठी मार्च २०१९ उजाडावे लागले. तोवर मैदान रिकामे झाले होते.

त्याच उन्हाळ्यानंतर बंगळुरूत घडलेल्या दुसऱ्या घटनेकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. लोकायुक्त संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणकामावरील अहवाल जुलै २०११ मध्ये सादर केला आणि ३१ जुलैला मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी राजीनामा दिला. रामलीला मैदानावरील उपोषण सुरू होण्यापूर्वीच एका कार्यालयाच्या अहवालाने मुख्यमंत्र्याला पायउतार केले होते. तो अधिकार १९८४ च्या राज्य कायद्यातून आलेला होता. महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ मध्येच केला होता. पण कर्नाटकाच्या कायद्यामागे तपासाचे जे बळ होते ते महाराष्ट्रात नव्हते.

पुढचा भाग खेदाचा आहे. २०१६ मध्ये कर्नाटक सरकारने स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी पथक काढून लोकायुक्तांचे तपासाचे बळ काढून घेतले. त्या वेळी फ्रीडम पार्क २०११ सारखे भरले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते पथक रद्द ठरवले, तेव्हा कोठे अधिकार परत आले. जमिनीच्या कायद्याचेही तसेच. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास असलेले निर्बंध २०२० च्या दुरुस्तीने उठवण्यात आले. अर्स यांच्या कायद्याने भूमिहीन मजुराला फारसे काही दिले नव्हते, आणि कायदा येण्यापूर्वीच अनेक कुळांना हुसकावले गेले होते, ही त्याची मूळ उणीव. परंतु त्याने उभारलेला एक बांध उतरवला गेला. प्रतिक्रांतीला मैदान लागत नाही. तिला एक अध्यादेश आणि जनतेचे दुर्लक्ष पुरते.

मग क्रांती येणार का?

शेजाऱ्यांसारखा स्फोट भारतात संभवत नाही, असे मानण्यास आधार आहे. १९८५ नंतर कर्नाटकाच्या मतदाराने कोणत्याही सत्ताधारी पक्षाला लागोपाठ बहुमत दिलेले नाही. दर पाच वर्षांनी राग मतपेटीत ओतण्याची सोय असली की तो राजवाड्याकडे वळत नाही. ढाक्यात ती सोय बंद झाली होती. शिवाय राज्यकर्त्यांनी असंतोषाचा विमा उतरवला आहे. कर्नाटकात २०२३ मध्ये आलेली महिन्याला दोन हजार रुपयांची ‘गृहलक्ष्मी’ आणि महिलांचा मोफत बसप्रवास, महाराष्ट्रात २०२४ मध्ये दीड हजार रुपयांनी सुरू झालेली ‘लाडकी बहीण’, ही त्याची रूपे. गरजूच्या घरात त्या पैशाने दिलासा येतो, हे नाकारता येणार नाही. तथापि कुळाला मिळाली ती मालकी होती. खात्यात जमा होते ती रक्कम पुढच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर असते. हक्क आणि अनुग्रह यांतील हा भेद प्रशासनात वावरणाऱ्यांना तरी विसरता येणार नाही.

मात्र ही सोय वरच्या मजल्यावर शाबूत असली तरी तळमजल्यावर तिला गंज चढला आहे. बंगळुरू महापालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षे हे महानगर नगरसेवकांशिवाय, प्रशासकाच्या हाताने चालले. सप्टेंबर २०२५ मध्ये एका पालिकेच्या पाच पालिका झाल्या, त्याही प्रशासकाच्याच अमलात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुकीला २०२६ उजाडले. ज्या राज्याने १९८७ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुकांत महिलांना पंचवीस टक्के आरक्षण देऊन देशाला पंचायत राज्याचा धडा दिला, त्याच्या राजधानीची ही अवस्था आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्याचे मतदान सत्तर टक्क्यांवर गेले असताना बंगळुरू दक्षिणमध्ये ते ५३ टक्क्यांच्या आसपास राहिले. खड्ड्याबद्दल कोणाला विचारायचे, हेच ज्याला ठाऊक नाही, तो मतदानाच्या दिवशी घरी बसतो. असा नागरिक आज उदासीन दिसतो. उद्या तो कोणत्या हाकेला ओ देईल, हे सांगता येत नाही.

त्यात निषेधाची जागाही आखून दिलेली आहे. २०२१ च्या पोलिस आदेशानुसार बंगळुरूत मोर्चे आणि धरणी फ्रीडम पार्कपुरतीच मर्यादित झाली. वाहतुकीचा खोळंबा टाळण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण जुन्या तुरुंगाच्या आवारातच निषेध करा, असे सांगणाऱ्या व्यवस्थेने त्या आवाराचा इतिहासही आठवणीत ठेवावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दोन इशारे दिले होते. घटनात्मक मार्ग खुले असताना रक्तरंजित क्रांतीचे, तसेच असहकार आणि सत्याग्रहाचेही मार्ग सोडून द्यावेत, हा एक. राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता हा विरोध लवकर मिटवला नाही तर विषमतेचे बळी ही लोकशाहीची वास्तूच उद्ध्वस्त करतील, हा दुसरा. सत्ताधाऱ्यांना पहिला इशारा सोयीचा वाटतो आणि आंदोलकांना दुसरा. दोन्ही एकाच भाषणातले आहेत आणि पहिल्याला असलेली अट महत्त्वाची आहे : मार्ग खुले असले पाहिजेत.

बंगळुरूच्या ताळेबंदातून निघणारा अर्थ याच अटीशी येऊन थांबतो. क्रांतीने समाज सुधारतो तो तिच्या दिवशी नव्हे, तर तिच्या नंतरच्या दहा वर्षांत. मागणीचे रूपांतर कायद्यात, कायद्याचे नोंदीत आणि नोंदीचे पुढच्या सरकारलाही न मोडता येणाऱ्या हक्कात झाले तरच. त्या दीर्घ, कंटाळवाण्या कामासाठी निवडून आलेली पालिका, स्वतंत्र लोकायुक्त आणि प्रामाणिक महसूल कचेरी लागते. क्रांती येणार का, हे दिल्लीच्या अंदाजांपेक्षा या तीन ठिकाणांच्या प्रकृतीवर ठरेल. ज्या शहरात नगरसेवकाची खुर्ची पाच वर्षे रिकामी राहूनही कोणी अस्वस्थ होत नाही, तेथील शांततेला समाधान समजण्याची चूक सरकारने करू नये, आणि विरोधकांनीही तिला क्रांतीची चाहूल समजू नये. निवडणुका वेळेवर घेणे हे दोघांच्याही हातचे काम आहे; ते आधी व्हावे.